पुल-अप रेझिस्टर : मूल्याची निवड

डिजिटल सर्किटमधील एखादी इनपुट पिन कोणीही चालवत नसताना तिला ठाम १ वर (पुरवठ्याच्या व्होल्टेजवर) धरून ठेवणारा, पिन आणि धन पुरवठा यांच्यामध्ये जोडलेला रेझिस्टर (रोधक) म्हणजे पुल-अप रेझिस्टर. मायक्रोकंट्रोलरला (प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या चिपला) लावलेले पुश बटण हे त्याचे नेहमीचे ठिकाण. बटण सुटे असताना रेझिस्टर पिनला वर खेचतो. दाबले की पिन थेट ग्राउंडला (० व्होल्टला) जाते. म्हणजे दाबलेले बटण ० देते. हे उलटे गणित अंगवळणी पडायला चार दिवस लागतात. रेझिस्टर नसेल तर पिन अधांतरी राहते. सीमॉस (आजच्या बहुतेक डिजिटल चिपची जात) पिनचा इनपुट रोध इतका प्रचंड असतो, की नुसता हात जवळ नेला तरी घरच्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची गुणगुण तिच्यावर उमटते आणि बटणाला कोणी हात न लावता प्रोग्रॅम धावू लागतो. रेझिस्टरऐवजी सरळ तार लावली तर बटण दाबताच पुरवठा शॉर्ट. मूल्य निवडायचे ते या दोन टोकांच्या मध्ये.

नवशिक्यांच्या बहुतेक आकृत्यांत इथे १० किलोओहम लिहिलेले असते. त्यामागे खास सिद्धांत नाही. तो आकडा सगळ्या मर्यादांपासून आरामात लांब आहे, एवढेच. ५ व्होल्टवर बटण दाबले की त्यातून ०.५ मिलिअँपिअर वाहतो आणि २.५ मिलिवॅट उष्णता होते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरील एटीमेगा३२८पी चिपच्या पिनमधून गळणारा प्रवाह जास्तीत जास्त १ मायक्रोअँपिअर, म्हणजे १० किलोओहमवर फक्त १० मिलिव्होल्टची घट. ही पिन पुरवठ्याच्या ६० टक्क्यांवर, म्हणजे ३ व्होल्टच्या वर असलेले काहीही १ मानते. रेझिस्टरवरच्या रंगपट्ट्यांत तपकिरी-काळा-नारिंगीऐवजी (१० किलोओहम) चुकून तपकिरी-काळा-लाल (१ किलोओहम) किंवा तपकिरी-काळा-पिवळा (१०० किलोओहम) उचलला, तरी बटण बिनतक्रार चालते आणि चूक महिनोन्‌महिने कळत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ‘टेन के’चे (१० किलोओहमचे) शंभर नग आणून ठेवले की बरीच कामे त्यावरच भागतात, हेही या आकड्याच्या लोकप्रियतेचे कारण आहे.

मूल्य फार खाली नेले तर प्रवाह वाढतो. १०० ओहमला ५ व्होल्टवर ५० मिलिअँपिअर आणि पाव वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर त्याच्या अगदी मर्यादेवर येऊन बोटाला चटका देईल. फार वर नेले तर गळती, ओलसर बोर्ड आणि लांब वायरीवरची खरखर रेझिस्टरवर मात करू लागते. १ मेगाओहमचा पुल-अप लावून पिनवर मल्टीमीटर धरला तर ५ ऐवजी सुमारे ४.५५ व्होल्ट दिसतात. सर्किट बिघडलेले नसते; मीटरचा स्वतःचा १० मेगाओहमचा रोध ग्राउंडकडे खेचत असतो. मोजणाऱ्यानेच माप बदलावे इतकी ती पिन हलकी झालेली असते. बटण दहा-पंधरा फुटांवर, भिंतीबाहेर असेल तर १ ते ४.७ किलोओहम बरे: खरखर दबते, आणि पावसाळी हवेत गंजू पाहणाऱ्या संपर्कांतून जरा बऱ्यापैकी प्रवाह वाहिलेला चांगला असतो.

पिनच्या संरक्षणासाठी बटणाला सीरिजमध्ये आणखी एक रेझिस्टर लावतात, तिथे हमखास फसगत होते. वर १० किलोओहम आणि सीरिजमध्ये १ किलोओहम असेल तर दाबल्यावर पिनवर ०.४५ व्होल्ट येतात, १.५ च्या खाली (तिथपर्यंत ही चिप ० मानते), म्हणजे निःशंक ०. पण दोन्हीकडे तोच लाडका टेन के लावला तर पिनवर बरोबर २.५ व्होल्ट! ते १.५ ते ३ च्या मधल्या पट्ट्यात पडतात, आणि तिथे चिप काय वाचेल याची हमी उत्पादकही देत नाही.

बऱ्याच चिपमध्ये पुल-अप आतच असतो आणि तो प्रोग्रॅममधून चालू करता येतो. एटीमेगा३२८पीमध्ये तो २० ते ५० किलोओहम असतो, आरपी२०४० (रास्पबेरी पाय पिकोची चिप) मध्ये ५० ते ८०. पट्टा एवढा रुंद आहे, कारण सिलिकॉनवर नेमका रेझिस्टर घडवणे महाग पडते. टेबलावरच्या बटणाला तो पुरेसा आहे. वेगळा रेझिस्टर लावायचा हट्ट धरू नये. ईएसपी३२ या वाय-फाय चिपच्या ३४ ते ३९ या पिनना मात्र आतला पुल-अप नाही. हे माहीत नसल्याने अख्खी संध्याकाळ कोड तपासत बसणारे बरेच भेटतात.

बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटचा हिशेब वेगळा. दारावरचा चुंबकी रीड स्विच (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा) दार बंद असताना, म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ, जोडलेलाच राहतो. ३ व्होल्टच्या सीआर२०३२ सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असतात. १० किलोओहममधून सतत ०.३ मिलिअँपिअर गेला तर चिप झोपलेली असूनही महिन्याभरात सेल संपतो. १ मेगाओहम लावला तर तोच हिशेब कागदावर आठ वर्षांवर जातो.

खाली न खेचता वर खेचण्याची रीत जुन्या टीटीएल (ट्रान्झिस्टर-ट्रान्झिस्टर लॉजिक) चिपमधून आली. त्यांच्या ७४०० मालिकेतील इनपुट ० वर ठेवायला तिच्यातून बाहेर येणारा १.६ मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह ग्राउंडला न्यावा लागे, तोही ०.८ व्होल्टच्या आत. म्हणजे खाली खेचणारा रेझिस्टर ५०० ओहमपेक्षा मोठा चालत नसे. वर खेचायला मात्र काही किलोओहम पुरत. आजच्या सीमॉसला हा भेद नाही, सवय तेवढी उरली.

मूल्याला खरी किंमत येते ती आय-टू-सी बसवर (अनेक चिपनी एकमेकींशी बोलण्याच्या सामायिक तारांवर). फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेल्या या दोन तारांच्या पद्धतीत प्रत्येक चिप तार फक्त खाली ओढू शकते. वर नेण्याचे काम एकट्या पुल-अपचे. तारेची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) त्यालाच भरावी लागते, म्हणून सिग्नलची चढती कड चौकोनी न राहता शार्कच्या पंखासारखी दिसते. १०० किलोहर्ट्झला ही चढण १००० नॅनोसेकंदांत, ४०० किलोहर्ट्झला ३०० नॅनोसेकंदांत पूर्ण व्हायला हवी. चढणीचा वेळ ०.८४७ गुणिले रोध गुणिले धारिता इतका असतो. त्यामुळे १०० पिकोफॅरडच्या बसवर वरची मर्यादा पहिल्या वेगाला सुमारे ११.८ किलोओहम, दुसऱ्याला ३.५. खालची मर्यादा चिपच्या ताकदीवर ठरते: ३ मिलिअँपिअर ओढताना तार ०.४ व्होल्टच्या आत आली पाहिजे. म्हणून ५ व्होल्टला १.५३ किलोओहम आणि ३.३ व्होल्टला ०.९७ किलोओहम यांच्या खाली जायचे नाही. ४.७ किलोओहम हा रूढ आकडा १०० किलोहर्ट्झला छान बसतो. ४०० ला तार लांब असेल तर २.२ घ्यावा. चिपमधल्या पुल-अपच्या भरवशावर ही बस चालवू नये. वीतभर वायरीवर कधी कधी ती चालते, आणि तेच जास्त घातक.

तयार मॉड्यूल जोडताना आणखी एक घोळ होतो. डिस्प्ले, घड्याळ, सेन्सर, अशा प्रत्येकाच्या बोर्डावर ४.७ किंवा १० किलोओहमची जोडी बहुधा आधीच असते, आणि मॉड्यूल एकत्र आले की त्या समांतर होतात. ४.७ चे चार मिळून १.१८ किलोओहम, ५ व्होल्टवर चिपला ३.९ मिलिअँपिअर ओढावे लागतात, जे नियमाबाहेर आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तर २ आणि ३ क्रमांकाच्या जीपीआयओंना (सर्वसाधारण इनपुट-आउटपुट पिनना) १.८ किलोओहम कायमचे जोडलेले असतात. तिथे स्वतःचा पुल-अप सहसा लागतच नाही. नवा रेझिस्टर लावण्याआधी पुरवठा काढावा आणि एसडीए (बसची डेटा तार) व व्हीसीसी (धन पुरवठा) यांच्यामध्ये मल्टीमीटर ओहमवर लावावा: बसवर आधीच किती पुल-अप आहे ते साधारण कळते.