काउंटडाउन, गाण्यांचे (खानदेश)

लोकप्रिय गाण्यांना क्रमांक देऊन ती तळापासून वरपर्यंत दाखवत नेण्याचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम. दर आठवड्याला बदलणारी यादी हा त्याचा एक प्रकार. ‘आजवरची सर्वोत्कृष्ट शंभर’ अशी एकदाच ठरवून टाकलेली यादी हा दुसरा. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, दोन्हींना सरसकट ‘टॉप टेन’च म्हणत, गाणी दहा असोत की वीस.

या खेळाची गोडी आधी रेडिओने लावली. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी क्रमांकाला ‘पायदान’ म्हणत. बुधवारी रात्री आठला रेडिओभोवती घर जमे. रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांचा कौल यांवरून क्रम ठरे, त्यामुळे पोस्टकार्ड टाकणाऱ्याला आपणही मत दिले असे वाटायचे.

परदेशात टीव्हीवर हा प्रकार आपल्याआधीच रुळला होता. बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ १ जानेवारी १९६४ ला सुरू झाला आणि दर आठवड्याच्या रूपात २००६ पर्यंत चालला. १९८१ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही आले आणि गाण्याइतकेच त्याच्या चित्रफितीलाही मोल आले. सर्वोत्कृष्ट चित्रफितींच्या याद्यांत मायकेल जॅक्सनचे ‘थ्रिलर’ (१९८३, दिग्दर्शक जॉन लँडिस) हटकून वर असते. जवळजवळ चौदा मिनिटांची ही फीत गाण्यापेक्षा छोटा सिनेमाच आहे. आपल्याकडे मात्र गाण्याचा व्हिडिओ म्हणजे मुख्यतः सिनेमातला तुकडा. प्रदर्शनाआधीच तो यादीत चढवला, की काउंटडाउन म्हणजे निम्मी जाहिरातच.

दूरदर्शनच्या ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ने गाणी दिली, क्रमांक दिले नाहीत. ते नव्वदच्या दशकात आले. डीडी मेट्रोवर बाबा सेहगलचा ‘सुपरहिट मुकाबला’, झी टीव्हीवर ‘फिलिप्स टॉप टेन’. मेट्रो वाहिनी मुळात महानगरांसाठी होती. खानदेशातल्या गावांत ती प्रामुख्याने केबलवाल्यामार्फत पोहोचली. त्याच्या घराच्या धाब्यावर मोठी छत्री, तिथून निघालेली काळी वायर विजेच्या खांबावरून, लिंबाच्या फांदीवरून घरोघर. वाऱ्यात फांदी हलली की पडद्यावर मुंग्या.

यादीचा खरा वापर कॅसेटच्या दुकानात होई. पोरे वहीच्या पानावर या आठवड्याची दहा गाणी उतरवून नेत आणि कोऱ्या कॅसेटवर ‘भरून’ घेत. साठच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, म्हणजे पाच-सहा गाणी; पुढचे गाणे अंतऱ्यातच तुटे आणि पट्टी संपल्याचा खट् आवाज येई. हुशार दुकानदार पहिल्या क्रमांकाचे गाणे सर्वांत आधी भरी. टीव्हीने आठवडाभर ताणून धरलेली उत्सुकता इथे पहिल्याच मिनिटाला निकालात निघे. लग्नसराईत बँडवाल्यांचेही याच याद्यांवर लक्ष असे. दोन हजारनंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर दुसऱ्या क्रमांकापर्यंत येऊन वीज जायची, आणि ‘पयला लंबर’ कोणाचा हे सकाळी एसटी स्टँडवर विचारावे लागे.

या याद्यांत खानदेशचे स्वतःचे गाणे कधीच नसे. त्याचे कारण नावडीत नाही, मोजणीत आहे. विक्री, पत्रे, पुढे एसएमएस, जे मोजता येते तेच यादीत चढते. श्रावणात कानबाई या लोकदेवीच्या उत्सवाच्या रात्री बायका जी गाणी म्हणतात, आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला झोक्यावर माहेरवाशिणी जी म्हणतात, त्यांची ना रेकॉर्ड ना मत. नंदुरबार-धुळ्याकडच्या आदिवासींच्या पावरी या फुंकवाद्यावर वरातीतले अख्खे गाव नाचते, पण त्या नाचाचा आकडा कोणत्या वाहिनीकडे जाणार? २०११ मध्ये ‘नाईन एक्स झकास’ ही मराठी गाण्यांची वाहिनी आली, तरी तिथे खानदेशच्या अहिराणी बोलीला क्वचितच जागा मिळाली.

हिशेब फिरवला तो यूट्यूबने. ‘हाई झुमकावाली पोर’सारखे अहिराणी गाणे कोट्यवधी वेळा पाहिले गेले आणि तापी-गिरणेकाठची बोली येत नसलेल्यांच्या फोनवरही वाजले. पण इथे आकडा गाण्याखालीच उघडा दिसतो. दहावरून एकपर्यंत उतरत येण्याची, मध्ये जाहिराती सोसण्याची गरजच राहत नाही, आणि त्याबरोबर काउंटडाउनचा जीवही जातो. वाहिन्यांवर असे कार्यक्रम अजून लागतात. त्यांची वाट पाहत बसणारे घर मात्र विरळा.

सर्वांत आवडते गाणे शेवटी ठेवण्याची रीत आता हळदीच्या डीजेपाशी उरली आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी, म्हणून पोरांनी कितीही ओरडा केला तरी ते गाणे तो पावणेदहाच्या आत लावत नाही.