डिजिटल प्रशिक्षणाची किफायत (आरोग्य क्षेत्र)

डॉक्टर, सिस्टर, आशाताई वगैरेंना मोबाईल-कॉम्प्युटरवरून ट्रेनिंग दिलं तर लागलेल्या पैशाच्या मानाने पदरात किती पडतं, याचा हिशोब. नुसतं स्वस्त म्हणजे किफायतशीर नव्हे, निम्म्या खर्चात निम्मंच डोक्यात शिरलं तर उपयोग काय.

सुरुवात कुठून धरायची यावर मतं वेगवेगळी आहेत. काहीजण इंटरनेट कोर्सपासून धरतात, पण इलिनॉय विद्यापीठात 1960 च्या सुमारास प्लेटो ही कॉम्प्युटर सिस्टीम आली आणि त्याच दशकात मॅरीॲन बिट्झर यांनी तिच्यावर नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हार्ट अटॅकच्या पेशंटची देखभाल शिकवली, त्यामुळे मान तिकडेच द्यावा हे जास्त पटतं. आपल्याकडे एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह 2004 मध्ये सुटला. कोविडमध्ये, एप्रिल 2020 ला, आयगॉट-दीक्षा हे आरोग्य कर्मचाऱ्यांना ऑनलाइन ट्रेनिंग देणारं सरकारी पोर्टल आलं.

परिणामाबाबत कुक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 2008 चं, 201 अभ्यास तपासणारं विश्लेषण बहुतेक जण धरतात. काहीच न शिकवण्यापेक्षा इंटरनेट कोर्स खूप बरा, पण शिकवायच्या इतर पद्धतींशी तुलना केली की फरक किरकोळ. म्हणजे शिकणं साधारण सारखंच, मग निकाल खर्चावर लागतो, आणि खर्चाचे आकडे अभ्यासांमध्ये क्वचितच दिलेले असतात.

खर्चाची गोम डोक्यांच्या संख्येत आहे. उदाहरणापुरतं, कोर्स बनवायला 6 लाख, मग माणशी 200 रुपये, आणि तेच ट्रेनिंग हॉलमध्ये घेतलं तर माणशी 2,200. म्हणजे 300 जण झाले की बरोबरी, त्यापुढे बचत. प्रोटोकॉल (उपचाराची ठरलेली पद्धत) बदलला की व्हिडिओ परत शूट करा, हे मात्र बजेटमध्ये कुणी धरत नाही.

पुणे जिल्ह्यात वेल्हे, भोर, जुन्नरहून सिस्टरला शहरात बोलवायचं म्हणजे एसटीभाडं, भत्ता, जेवण, वर त्या दिवशी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) माणूस कमी. पेठेतल्या डॉक्टरला रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत 30 क्रेडिट अवर्स (मान्यताप्राप्त ट्रेनिंगचे तास) लागतात, कॉन्फरन्सला जायचं तर ओपीडी बंद. ऑनलाइनमध्ये हे वाचतं खरं, पण डेटा पॅक आणि रात्रीचा वेळ शिकणाऱ्याच्या खिशातून जातो, सरकारी हिशोबात तो फुकट दिसतो (वेल्ह्याच्या डोंगरात रेंज शोधत फिरणं वेगळंच).

सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं), टाके, बाळंतपण यांना पुतळ्यावर हात बसवावाच लागतो, म्हणून थिअरी मोबाईलवर आणि एक दिवस प्रत्यक्ष अशी मिश्र पद्धत वापरतात.