कर्करोगजनन

कर्करोगजनन : शरीरातील एखादी निरोगी पेशी टप्प्याटप्प्याने बदलत जाते, अनिर्बंध वाढू लागते, शेजारच्या ऊतकांत घुसते आणि शेवटी दूरच्या अवयवांत ठाण मांडते. या सगळ्या प्रक्रियेला कर्करोगजनन म्हणतात. ‘अमक्याला कॅन्सर झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा तो गेल्या महिन्यात झाला असावा, असा सूर असतो. बहुतेक गाठींच्या बाबतीत पहिला बदल आणि पहिली तक्रार यांच्यामध्ये दहा-वीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ गेलेला असतो. सोलापूर जिल्ह्याचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. तंबाखू इथे घराघरात आहे, ओढायला, मळायला, दातांना लावायला आणि मजुरीलाही. आणि याच जिल्ह्यातल्या बार्शीत या मधल्या लांब काळावर असे काम झाले, की त्याची दखल जगभर घेतली गेली.

पेशीत काय घडते

माणसाच्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात. आतड्याचे अस्तर, त्वचा आणि रक्त यांतल्या पेशी सतत मरतात आणि नव्या तयार होतात. दर विभाजनाला सुमारे तीनशे वीस कोटी अक्षरांचा डीएनए, तोही दोन प्रतींत, नकलून काढावा लागतो. चुका होणारच. त्यातल्या बहुतेक दुरुस्त होतात, काही निरुपद्रवी जागी पडतात, आणि थोड्या नेमक्या नको तिथे पडतात.

सोलापुरात जकार्डचा माग पाहिलेल्याला हे पटकन कळते. चादरीवरची नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत साठवलेली असते. एका पुठ्ठ्यात एक भोक चुकीचे पडले, तर ती चूक एका चादरीपुरती राहत नाही. माळ फिरून आली की पुन्हा उतरते. उपमा इथपर्यंतच चालते. मागाला आपला पुठ्ठा स्वतः दुरुस्त करता येत नाही, पेशीला येतो. आणि दुरुस्ती जमली नाही तर पेशी स्वतःला संपवूनही टाकते. या कामातले एक मुख्य प्रथिन म्हणजे १९७९ मध्ये सापडलेले पी-५३. डीएनए बिघडल्याची खबर लागली की ते विभाजन थोपवते, आणि बिघाड फारच असेल तर पेशीला मरणाची आज्ञा देते. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत या पी-५३ चेच जनुक बिघडलेले आढळते.

कर्करोगाशी संबंधित जनुके ढोबळमानाने दोन प्रकारची. एक, वाढीला चालना देणारी. ती कायमची चालू राहिली की घात. कोंबड्यांत गाठ एका विषाणूमुळे पसरते, हे पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखवले होते. त्या विषाणूतले गाठ निर्माण करणारे जनुक मुळात कोंबडीच्याच पेशीतून उचललेले होते, हे बिशप आणि व्हार्मस यांनी १९७६ मध्ये सिद्ध केले. शत्रू बाहेरचा नव्हे, घरातलाच निघाला. दुसरी, वाढ रोखणारी जनुके. यांच्या दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. अल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातील पडद्याच्या गाठीवरून हा ‘दोन आघातां’चा तर्क मांडला. ज्या मुलांना एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळालेली असते त्यांना गाठ लवकर येते, बहुधा दोन्ही डोळ्यांत. इतरांना उशिरा आणि एकाच डोळ्यात. जनुक हाती लागायच्या पंधरा वर्षे आधी, केवळ रुग्णांची वये मांडून काढलेला हा निष्कर्ष आहे.

एका बदलाने मात्र भागत नाही. पेशीला वाढीचा इशारा नसताना वाढता यावे लागते, थांबण्याचा इशारा धुडकावता यावा लागतो, मरण टाळता यावे लागते. गुणसूत्रांची टोके प्रत्येक विभाजनात झिजतात, ती झीज भरून काढावी लागते. गाठ मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पुढे गेली की तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या ओढून आणाव्या लागतात, आणि रोगप्रतिकारक पेशींची नजर चुकवावी लागते. हे सगळे एका पेशीच्या वंशात जमून येणे अवघड असते, म्हणूनच वेळ लागतो आणि म्हणूनच कर्करोग मुख्यतः उतारवयाचा रोग आहे.

गाठीच्या आकाराचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असे तीस वेळा दुप्पट झाल्यावर शंभर कोटींच्या वर पेशी होतात; तेव्हा कुठे हाताला लागेल अशी, सुमारे एक सेंटिमीटरची, एक ग्रॅमची गाठ तयार होते. त्यापुढे आणखी फक्त दहा दुपटी झाल्या तर वजन किलोवर जाईल. प्रत्यक्षात वाढ इतकी सरळ नसते, बऱ्याच पेशी वाटेत मरतात. पण ‘गाठ लहान आहे, बघू पुढे’ म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे, की ती लहान गाठ आपल्या वाटचालीचा तीन-चतुर्थांश टप्पा संपवून आलेली असते.

मिश्री, मावा, बिडी

बाह्य कारणांचा शोध कामधंद्यांपासून सुरू झाला. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशावरील कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग घडवून दाखवला. आपल्याकडे मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांवर लिहिले. त्यात कमरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसल्याने त्याच जागी होणारा त्वचेचा कर्करोगही आहे. तिथे रसायन कोणतेच नाही, नुसते घर्षण आणि न भरणारी जखम.

सोलापूरकडे येऊ. मिश्री घरीच होते. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, भाजताना घरभर ठसका उठतो, मग कुटून वस्त्रगाळ करून डबीत भरायची. सकाळी चिमूटभर बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायची. दात साफ करायला म्हणून सुरू होते, मग जेवणानंतर, मग दुपारी, मग डबी पदरातच राहते. बायकांमध्ये हे जास्त; ‘मी तंबाखू खात नाही’ असे डॉक्टरांना सांगणारी बाई मिश्री लावत असते, आणि खोटेही बोलत नसते, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हेच. महाराष्ट्रात २०१२ मध्ये झालेली गुटखाबंदी साधी तंबाखू घरी भाजून केलेल्या मिश्रीपर्यंत पोचत नाही.

तंबाखूत नायट्रोसअमाइन वर्गातली खास तिचीच अशी द्रव्ये असतात. पाने वाळवताना आणि मुरवताना ती तयार होतात. भाजल्यावर त्यांत बेंझोपायरीनसारख्या द्रव्यांची भर पडते. ही द्रव्ये शरीरात जशीच्या तशी फारशी घातक नसतात. शरीर त्यांना पाण्यात विरघळणारी करून बाहेर टाकू पाहते, आणि त्या खटाटोपातच त्यांचे रूप असे होते की ती डीएनएच्या अक्षरांना जाऊन चिकटतात. नक्कल करताना चिकटलेले अक्षर चुकीचे वाचले जाते. काही रसायने विशिष्ट प्रकारचीच चूक घडवतात, त्यामुळे आज गाठीचा डीएनए वाचून तंबाखूच्या धुराची सही ओळखता येते.

जागा ठरलेली असते. मिश्री किंवा मळलेली तंबाखू हिरडी आणि गाल यांच्या खाचेत राहते, तिथेच पांढरा चट्टा उठतो, न पुसला जाणारा. तांबडा चट्टा त्याहून वाईट. माव्यात तंबाखूच्या जोडीला कातरलेली सुपारी आणि चुना असतो. सुपारी स्वतःच कर्ककारक आहे, तंबाखू नसली तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तसे २००४ मध्ये जाहीर केले. सुपारीने गालाच्या आतले अस्तर निबर होते, तोंड उघडेनासे होते. उभी तीन बोटे तोंडात जातात का, ही घरच्या घरी होणारी परीक्षा आहे. दोनच बोटे जात असतील तर तिखट सोसत नाही ही तक्रारही बहुधा आधीपासून असते.

बिडीचे दुखणे दोन ठिकाणी. ओढणाऱ्याला वाटते, एवढ्याशा बिडीत असून असून तंबाखू किती असणार. पण तेंदूच्या पानातून हवा जात नाही, बिडी विझू नये म्हणून झुरके घाईने आणि जास्त घ्यावे लागतात, आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी जात नाही. दुसरे ठिकाण म्हणजे मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळणारी बाई. शहराच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या विडी घरकुलात हजारो तेलुगुभाषक कुटुंबांचा संसार या कामावर चालत आला. बिडीच्या तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशींत गुणसूत्रांची मोडतोड वाढलेली असते, हे मुंबईच्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवले. मोडतोड म्हणजे कर्करोग नव्हे. ती त्या लांब रस्त्यावरची सुरुवातीची खूण आहे.

हिरडी-गालाच्या याच कर्करोगाचा जनुकीय नकाशा भारतीय गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. पश्चिम बंगालमधील कल्याणी आणि नवी मुंबई इथल्या संस्थांचे ते काम. पाश्चात्त्य रुग्णांत माहीत असलेल्या जनुकांसोबत काही नवी जनुके त्यात बिघडलेली सापडली.

बदललेले चित्र

‘उत्परिवर्तन झाले की कर्करोग’ हे समीकरण अलीकडे ढिले पडले आहे. २०१८ मध्ये निरोगी माणसांच्या अन्ननलिकेचे अस्तर बारकाईने तपासले, तेव्हा मध्यम वयानंतर त्याचा मोठा भाग कर्करोगाशी जोडल्या गेलेल्या बदलांनी व्यापलेला दिसला. ती माणसे मात्र ठणठणीत होती. मग ठिणगी पडते कुठून? २०२३ मधील एका अभ्यासाचे उत्तर असे, की हवेतील सूक्ष्म कण फुप्फुसात दाह निर्माण करतात आणि आधीपासून बदल झालेल्या, पण झोपलेल्या पेशींना तो दाह जागे करतो. सशाचे कान आणि धोतराची गाठ या जुन्या निरीक्षणांना यामुळे पुन्हा अर्थ आला आहे.

उपचारांकडचे संशोधन इथे विस्ताराने घेण्याचे कारण नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण त्या इथल्या खिशाच्या विचाराने झाल्या. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) बाहेर काढून, त्यांना कर्कपेशी ओळखायला शिकवून परत सोडण्याच्या उपचाराची भारतीय आवृत्ती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केली. तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती काही रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे. दुसरी, डोके-मानेच्या पुढच्या अवस्थेतील कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडे औषध दर तीन आठवड्यांनी फक्त वीस मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, देऊन पाहण्याची टाटा मेमोरियलची चाचणी. स्वस्त गोळ्यांच्या जोडीला ते दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रेशी तुलना त्यात नव्हती.

बार्शी

बार्शीत १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. केंद्र तिथले नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरात नोंदणी करायची तर रुग्णालयांची कागदपत्रे तपासली की काम होते. खेड्यात रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचायच्या आधीच दगावतो, कागद होतच नाही. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, सरपंच, शिक्षक, दाया यांच्याशी बोलले, अंगावरून पांढरे किंवा अवेळी रक्त जाते का, तोंडात न भरणारी जखम आहे का, असे विचारत राहिले. याचा एक परिणाम असा झाला: काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या अवस्थेत येऊ लागले. कोणतेही यंत्र नाही, केवळ विचारपूस.

गर्भाशयमुखाचा कर्करोग कर्करोगजननाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. कारण एकच, मानवी पॅपिलोमा विषाणू. त्याच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांवर जगातील सुमारे ७० टक्के रुग्णांचा भार येतो. विषाणूचे एक प्रथिन पी-५३ ला नष्ट करते, दुसरे नडसन यांच्या तर्कातल्या त्या रोखणाऱ्या प्रथिनाला निकामी करते. बहुतेक स्त्रियांत संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या जणींत तो टिकतो आणि पुढे दहा-वीस वर्षांत रोग होतो.

संसर्ग आणि रोग यांमधल्या त्या फटीत १९९९ मध्ये एक मोठी चाचणी उभी राहिली. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ४९७ गावे, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया आणि बार्शीचा तळ. एका गटाची विषाणूसाठी, दुसऱ्याची पेशी पाहून, तिसऱ्याची पातळ ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधले आम्ल) लावून, अशी आयुष्यात एकदाच तपासणी झाली. शेवटची पद्धत दिसायला अगदी साधी: बोळ्याने आम्ल लावायचे, मिनिटभर थांबायचे, जागा पांढरी पडते का पाहायचे. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये निकाल आला. विषाणू तपासणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३४, तपासणी न झालेल्या गटात ६४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. तुलनेसाठीच्या गटातील स्त्रियांना तपासणी का दिली नाही, यावर पुढे जोरदार वाद झाला. माझ्या मते तो प्रश्न रास्त होता आणि निकालाचे मोल त्याने कमी होत नाही.

या विषाणूवरच्या लशीची गोष्ट आणखी वेगळी. २००९ मध्ये दोन विरुद्ध तीन डोस असा अभ्यास देशातील नऊ केंद्रांवर सुरू झाला, त्यांतले एक बार्शी. मुली १० ते १८ वर्षांच्या. एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून उठलेल्या वादात सरकारने या लशीच्या सर्व चाचण्यांतले लसीकरण थांबवले. परिणामी सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. अभ्यास फसला असे समजून तो गुंडाळता आला असता. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा चालू ठेवला. दहा वर्षांनंतरचा निकाल २०२१ मध्ये आला: १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसाचे संरक्षण सुमारे ९५ टक्के. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत हाही होता. त्याच वर्षी पुण्यात तयार झालेल्या भारतीय लशीला परवानगी मिळाली. त्या अभ्यासातल्या मुली आता पंचविशी ते पस्तिशीच्या दरम्यान आहेत, आणि ज्या वयात हा कर्करोग प्रामुख्याने दिसतो ते वय त्यांच्या पुढे आहे.