मिश्र शेतीतील ट्रॅक्टर आणि यंत्रांची निवड

पिके आणि जनावरे एकाच शेतकऱ्याच्या हाताखाली, एकमेकांच्या आधाराने वाढतात त्या शेतीला मिश्र शेती म्हणतात. पिकाचा पेंढा आणि हिरवा चारा गोठ्यात जातो, गोठ्यातले शेण खत होऊन परत शेतात येते. ही ये-जा करण्याचे जड काम आता बहुतांशी ट्रॅक्टरकडे आले आहे. वर्षभराच्या कामाच्या तासांची नोंद ठेवली, तर अशा शेतीत नांगराला जुंपलेले तास थोडे निघतात. ट्रॉली, खत, चारा, पाण्याची टाकी आणि फवारणी यांत गेलेले तास पुष्कळ. ट्रॅक्टर घेताना मात्र नांगरणी डोळ्यांसमोर ठेवूनच अश्वशक्ती मोजली जाते. यंत्रनिवडीतल्या बऱ्याच चुकांचे मूळ येथे आहे. नांगरणीचे काही दिवस कसेही निभावून नेता येतात. गोठा मात्र एक दिवसही थांबत नाही.

घडण

जॉन फ्रोलिक याने १८९२ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथे पेट्रोलवर चालणारा ट्रॅक्टर बनवला. १९१७ पासून हेन्री फोर्डच्या फोर्डसनने लहान शेतकऱ्यापर्यंत ट्रॅक्टर पोहोचवला. तरी हे ट्रॅक्टर मुळात यांत्रिक बैलच होते: मागे अवजार बांधायचे आणि ओढायचे. मिश्र शेतीला उपयोगी पडणारे बदल त्यानंतर आले. १९१८ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने इंजिनाची फिरती शक्ती मागच्या दांड्यातून अवजाराला देणारा ट्रॅक्टर विक्रीला आणला. आज त्या दांड्याला सगळे पीटीओ म्हणतात. १९२४ च्या फार्मॉल ट्रॅक्टरमुळे उभ्या पिकाच्या ओळींमधून ट्रॅक्टर नेता येऊ लागला. १९३२ मध्ये ॲलिस-चाल्मर्सने लोखंडी चाकांऐवजी हवेचे टायर बसवले आणि तोच ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गोठ्याकडे धावू लागला.

सर्वांत मोठा बदल हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याचा. साखळीने ओढलेला नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि कधी कधी तो चालकावर उलटे. फर्ग्युसनने अवजार तीन ठिकाणी पकडले: खाली दोन बाहू, वर एक टॉप लिंक. अवजार उचलण्याचे काम त्याने हायड्रोलिककडे, म्हणजे तेलाच्या दाबाकडे दिले. १९२६ मध्ये पेटंट मिळालेल्या या विचारातून १९३६ मध्ये त्याच्या नावाचा ट्रॅक्टर निघाला आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ही रचना आली. तिच्यात नांगराचा रेटा टॉप लिंकमधून पुढे येऊन ट्रॅक्टरचे तोंड दाबून धरतो आणि मातीचा भार मागच्या चाकांवर उतरतो. त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते.

जोडणी

मिश्र शेतीत एका दिवसात तीन-चार वेळा अवजार बदलावे लागते, म्हणून जोडणी सोपी असणे ही चैन नव्हे. पद्धत ठरलेली आहे. ट्रॅक्टर सरळ मागे घ्यायचा, आधी डावा बाहू अडकवायचा, कारण त्याची लांबी सहसा ठरलेली असते; मग उजवा, कारण त्यावरचा स्क्रू फिरवून तो वर-खाली करता येतो; शेवटी टॉप लिंक. सोडताना उलट क्रम. घाईत क्रम मोडला की उजव्या पिनेपाशी पहार घेऊन झटापट सुरू होते. त्या वेळी ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्ये कोणी उभे असेल, तर क्लचवरून पाय सटकण्याचा अवकाश असतो. पिनांचेही गट आहेत: पहिल्या गटात खालच्या बाहूची पिन २२ मिलिमीटर, दुसऱ्या गटात २८. मोठ्या भोकात बारीक पिन घालून काम चालवले, तर भोक वर्षभरात लंबगोल होते.

टॉप लिंक आखडली की नांगराचे नाक खाली झुकते, लांबवली की वर येते. हायड्रोलिकच्या दोन दांड्या पुष्कळांना शेवटपर्यंत कळत नाहीत. पोझिशन कंट्रोल अवजाराला ठरलेल्या उंचीवर धरतो. फवारणी यंत्र किंवा खत विस्कटणारे यंत्र यांना तो लागतो. ड्राफ्ट कंट्रोल ओढ मोजतो आणि घट्ट माती लागली की नांगर किंचित उचलतो, भुसभुशीत लागली की पुन्हा खाली सोडतो. पोझिशनवर नांगरणारा माणूस ट्रॅक्टर कमजोर म्हणून कुरकुर करतो, तेव्हा बहुधा ट्रॅक्टर नव्हे, दांडी चुकलेली असते.

पीटीओ आणि क्लच

पीटीओचा प्रमाणित वेग मिनिटाला ५४० फेरे आहे. मोठ्या यंत्रांसाठी १००० फेऱ्यांचेही प्रमाण आहे. ५४० च्या दांड्याला सहा खाचा आणि जाडी ३५ मिलिमीटर. १००० च्या दांड्याला सहसा एकवीस खाचा असतात. दोघांत गल्लत होऊ नये हाच हेतू. सेकंदाला नऊ फेरे म्हणजे या उघड्या दांड्याला अडकलेले कापड सेकंदाला सुमारे एक मीटर गुंडाळले जाते, आणि युनिव्हर्सल जॉइंटसारख्या (शाफ्टच्या वळत्या सांध्यासारख्या) जाड भागावर त्याहून जास्त. म्हणून शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण तुटले की काम थांबवावे. इंजिन बंद न करता दांड्यावरून ओलांडणे, ही शेतातली सर्वांत महागडी पाच पावले आहेत.

निवड करताना पीटीओचा क्लच कसला आहे हे अश्वशक्तीइतकेच महत्त्वाचे. साध्या एकेरी क्लचमध्ये पायडल दाबले की चाके आणि पीटीओ दोन्ही थांबतात. चारा कापणाऱ्या किंवा गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रापुढे दाट ओळ आली, तर ट्रॅक्टर थांबवायचा असतो आणि यंत्र फिरत ठेवायचे असते; एकेरी क्लचवर यंत्रही थांबते आणि चारा तोंडात अडकून बसतो. दुहेरी क्लचमध्ये पायडल अर्धे दाबल्यावर फक्त चाके थांबतात. स्वतंत्र पीटीओमध्ये तर दोन्ही पूर्णपणे वेगळे. जनावरे असलेल्या शेतीसाठी पाच अश्वशक्ती जास्त घेण्यापेक्षा चांगला पीटीओ क्लच घेणे शहाणपणाचे, असे या लेखकाचे ठाम मत आहे.

किती शक्ती पुरेशी

जाहिरातीतली अश्वशक्ती इंजिनाची असते. पीटीओपर्यंत त्यातली साधारण ८५ ते ९० टक्के पोहोचते, आणि मऊ मातीत ओढीसाठी मिळते ती आणखी कमी. या दाव्यांची शहानिशा व्हावी म्हणून अमेरिकेतील नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदा करून दुसऱ्या वर्षापासून ट्रॅक्टरची जाहीर चाचणी सुरू केली. अशा चाचणीचा अहवाल मिळत असेल, तर विक्रेत्याच्या बोलण्याआधी तो वाचावा.

शक्तीपेक्षा आधी वेळ मोजावा. शेतात वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, असतो ते दिवस मोजकेच. त्याआधी माती चिकटते, नंतर ढेकळे निघतात. यंत्राचे काम काढायचे सूत्र सोपे आहे: रुंदी मीटरमध्ये, गुणिले वेग ताशी किलोमीटरमध्ये, गुणिले कार्यक्षमता, भागिले दहा. उत्तर ताशी हेक्टरमध्ये येते. वळणे, अडथळे आणि भरणा धरून कार्यक्षमता ०.८ घेतली, तर माती भुसभुशीत करणारा दीड मीटरचा रोटाव्हेटर ताशी तीन किलोमीटरने चालून तासाला ०.३६ हेक्टर करतो. सहा हेक्टर दोनदा फिरवायला सुमारे ३३ तास. वाफशाचे सहा दिवस आणि गोठ्याची कामे उरकून रोज सहा तास मिळत असतील, तर ३६ तास हाती आहेत. काम बसते, पण जेमतेम. एक दिवस पाऊस झाला की बसत नाही. अशा वेळी मोठा ट्रॅक्टर हाच उपाय नव्हे: दुसऱ्यांदा फिरवणे टाळणे, शेजाऱ्याचे यंत्र भाड्याने आणणे, किंवा दोन पाळ्यांत चालवणे यांपैकी काही जमते का ते आधी पाहावे.

एक मोठा की दोन मध्यम, हा प्रश्न मिश्र शेतीत वारंवार येतो. एक ट्रॅक्टर चारा बारीक कापणाऱ्या कुट्टी यंत्राला जुंपलेला असताना दुसरा शेतात असणे, हे मोठ्या इंजिनाने साधत नाही. जुना, लहान, फेडून झालेला दुसरा ट्रॅक्टर म्हणूनच अंगणात उभा ठेवतात. मुरघास, म्हणजे खड्ड्यात हवाबंद दाबून टिकवलेला हिरवा चारा, करताना ही जोडी विशेष उपयोगी पडते: एक बारीक कापलेला चारा आणतो, दुसरा खड्ड्यावर पुढे-मागे फिरून पातळ थर दाबत राहतो. तेथे हवा राहिली की चारा सडतो, आणि दाबण्याला वजन लागते, वेग नव्हे.

वजन, टायर आणि घसरण

चाके जमिनीवर किती घसरतात, हे मोजायला उपकरण लागत नाही. टायरवर खडूने खूण करावी, अवजार उचलून दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे जातो ते मोजावे, मग अवजार मातीत घालून पुन्हा मोजावे. आधी ५० मीटर आणि नंतर ४४ आले, तर घसरण १२ टक्के. साधारण १० ते १५ टक्के ठीक. त्याहून जास्त असेल तर डिझेल आणि टायर दोन्ही मातीत जातात, आणि फार कमी असेल तर ट्रॅक्टरवर विनाकारण वजन लादलेले आहे. ओल्या जमिनीत भरलेली ट्रॉली नेली, तर वरचा थर टायरच्या हवेच्या दाबाने घट्ट होतो, पण खोलवरचा थर धुरीवरच्या (चाकांच्या आसावरच्या) एकूण वजनाने. रुंद टायर लावल्याने दुसरे नुकसान टळत नाही.

मागे जड अवजार उचलले असताना पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासे होते. पुढे लोडर असेल, तर उलट मागे वजन हवे. उचललेला गठ्ठा जमिनीलगत ठेवूनच ट्रॅक्टर हलवावा. ट्रॉली किंवा लाकूड ओढताना दोर नेहमी खालच्या ड्रॉबारला (मागच्या ओढपट्टीला) बांधावा, धुरीच्या वर कधीच नाही. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर उलटल्यास चालकाला वाचवणारा सांगाडा सक्तीचा केला. त्या सांगाड्यासोबत पट्टा लावला तरच तो उपयोगी. न लावता बसलेला माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच सांगाड्याखाली सापडू शकतो.

विकत की भाड्याने

रोज लागणारे विकत घ्यावे, वर्षात चार दिवस लागणारे भाड्याने घ्यावे, हा ढोबळ नियम चारा कापणीला लागू पडत नाही. ऊन पडले की सगळ्यांना एकाच दिवशी तेच यंत्र हवे असते, आणि भिजलेल्या चाऱ्याची भरपाई कोणी देत नाही. शेण भरण्याचे लोडर आणि कुट्टी यंत्र तर घरचेच हवे. कापणी-मळणीचे मोठे यंत्र मात्र थोड्या क्षेत्रासाठी घेऊन उभे ठेवण्यात अर्थ नसतो.

जुना ट्रॅक्टर पाहताना तासांच्या मीटरवर भरवसा ठेवू नये. जुन्या यांत्रिक मीटरमध्ये पूर्ण वेगावर चालवले तरच खरा तास मोजला जातो. मंद गतीवर उभे राहून केलेले काम त्यात कमी दिसते. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. अवजार उचलून इंजिन बंद करावे: मिनिटभरात खाली घसरले तर हायड्रोलिक गळते आहे. पुढची धुरी जॅकवर उचलून मधली पिन हलवून पाहावी, पीटीओच्या खाचा बोटाने चाचपाव्यात आणि डिपस्टिकवरचे तेल दुधाळ तर नाही ना ते पाहावे.

रोजच्या देखभालीत तेल, पाणी आणि हवेचा फिल्टर हे सगळ्यांना माहीत असते. विसरतो तो युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस, ज्याला नियमित ग्रीस लागते. हंगाम संपला की अवजारे जमिनीवर टेकवावीत, बाहू उचललेले ठेवू नयेत, आणि नांगराच्या चकचकीत झालेल्या पाट्यावर जुने तेल फासावे. नाहीतर पुढच्या वर्षी पहिल्या दिवसाची निम्मी वेळ गंजलेल्या पाट्याला चिकटलेली माती काठीने खरवडण्यात जाते.