वार धरून ठेवणारा टाका

गर्भ वारंवार पडायला लागला की मोबाइलवर सल्ला तयार असतो: रक्त पातळ करायची इंजेक्शनं घे. काहींच्या वारेत (प्लॅसेंटात) गुठळ्या होऊन रक्तपुरवठा अडतो, तिथे ती इंजेक्शनं उपयोगी पडतातही. पण एका दुर्मीळ आजारात गोष्ट बरोबर उलटी असते. गुठळी होते, पण टिकत नाही. अशा बाईला तीच सुई घातक ठरू शकते.

रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी तेराव्याची, म्हणजे फॅक्टर तेराची, ही जन्मजात कमतरता. साधारण २० लाखांत एकाला असते. नात्यातल्या लग्नांत तिची शक्यता वाढते, कारण सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावं लागतं. १९६० साली स्वित्झर्लंडमधल्या एका मुलात ती पहिल्यांदा ओळखली गेली.

रक्त गोठताना फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी तयार होते. पण ती नुसता धावदोरा. ओढला की उसवला. पक्की शिलाई मारतो तो तेरावा घटक. एका धाग्यातलं ग्लुटामिन शेजारच्या धाग्यातल्या लायसिनला (दोन्ही अमिनो आम्लं, प्रथिनं ज्यांची बनतात ती) तो रासायनिक बंधाने जोडतो. गोठायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या नेहमीच्या तपासण्या इथे नॉर्मल येतात, कारण धावदोरा वेळेवरच पडलेला असतो! म्हणून गुठळी युरियाच्या तीव्र द्रावणात ठेवतात. होय, शेतात टाकतो तोच युरिया. निरोगी माणसाची गुठळी दुसऱ्या दिवशीही नळीत तशीच असते. या रुग्णाची विरघळून गेलेली असते.

आता गर्भाशयात बघा. वारेच्या पेशी अस्तरात घुसतात, आईच्या रक्तवाहिन्या पोखरतात. वारेच्या आणि आईच्या पेशी भेटतात त्या सीमेवर फायब्रिन आणि फायब्रोनेक्टिन या चिकट प्रथिनाचा थर असतो. तेरावा घटक तो शिवून घट्ट करतो. तो नसला तर थर उसवतो, मागे रक्त साचतं आणि वार सुटते, बहुधा पहिल्या तिमाहीतच. आणि आपल्याकडे खापर फुटतं पपईवर, नजरेवर, नाहीतर 'हिची कूसच धरत नाही' म्हणून त्या बाईवर.

खरा धागा बहुतेकदा तिच्या आईच्या आठवणीत असतो: हिची नाळ पडली तेव्हा बेंबीतून रक्त थांबत नव्हतं.

उपचार आहे. क्रायोप्रेसिपिटेट (दात्याच्या रक्तद्रवातून वेगळा काढलेला, गोठवणाऱ्या घटकांचा साका) किंवा या घटकाचं तयार औषध गरोदरपणाच्या सुरुवातीपासूनच देतात. घटकाचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ९ ते १४ दिवसांचं, त्यामुळे रोज टोचावं लागत नाही. हे औषध पूर्वी बाळंतपणानंतर निघालेल्या वारांमधूनच काढत असत.