तुमची गाडी कोणत्या सालची उडी मारते?

पाऊस ओसरला की इंदुरात सुपर कॉरिडॉरच्या बाजूचे रिकामे प्लॉट आणि बायपासलगतचे मुरमाचे ढीग यांना रविवारी सकाळी गिऱ्हाईक लागतं. पोहे-जलेबी उरकून पोरं मोटरसायकली काढतात. त्यात राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगरातली आपली मराठी पोरंही बरीच. रात्री मोबाइलवर अमेरिकेतलं सुपरक्रॉस, म्हणजे स्टेडियममध्ये मातीचे उंचवटे रचून घेतलेली मोटरसायकलींची शर्यत, बघायचं आणि सकाळी दोन-तीन हजार किलोमीटर चाललेली, ऑफिसलाही जाणारी गाडी ढिगावरून उडवायची, असा हा प्रकार आहे. त्यांना अडवायला हे लिहीत नाही. उडी मारायची हौस वाईट नाही. पण उडीचं म्हणून जे तंत्र आज सांगितलं जातं, त्यातला एकेक नियम कुठल्या ना कुठल्या काळातल्या गाडीसाठी आणि त्या काळातल्या ट्रॅकसाठी घडलेला आहे. नियम एका काळातला आणि गाडी दुसऱ्याच काळातली, असं झालं की मनगट नाहीतर मणका जातो.

सुरुवात इंग्लंडमधली. २९ मार्च १९२४ रोजी सरे परगण्यात कॅम्बर्लीच्या माळावर मोटरसायकलींची एक शर्यत झाली, तीच या खेळाची, म्हणजे मोटोक्रॉसची, पहिली शर्यत मानतात. आर्थर स्पार्क्स ती जिंकला. त्या लोकांना उडी मारायची नव्हतीच. माळ, चढ-उतार, चिखल यांतून जो लवकर पार होईल तो जिंकला, इतकाच खेळ. त्यांच्या गाड्यांना मागच्या बाजूला शॉकअप हा प्रकारच नव्हता. चाक थेट चौकटीला बसवलेलं आणि सीटखाली दोन स्प्रिंगा. अशी गाडी उंचवट्यावरून चुकून जरी उडाली तरी बसलेल्या माणसाच्या पाठीला धक्का सरळ पोहोचायचा. म्हणून ते उभे राहायला शिकले. पायट्यांवर उभं राहा, गुडघे थोडे वाकवा, कोपरं बाहेर काढा, हा आज पहिल्या दिवशी शिकवला जाणारा धडा त्या काळातला आहे. तेव्हा मागचा शॉकअप म्हणजे माणसाचे दोन पाय. गंमत अशी की गाड्या शंभर वर्षांत पार बदलल्या, तरी हा एक नियम जागचा हलला नाही.

त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धापासूनच लष्करातले निरोपे मोटरसायकलवरून फिरू लागले होते. १९३५ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. त्याने पुढे लष्करी निरोप्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये निष्कर्ष छापले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. शहरात हेल्मेटवरून पोलिसांशी हुज्जत घालणारे आपण, तर हेल्मेटचा शास्त्रीय पाया गाडी दामटणाऱ्या निरोप्यांच्या फुटलेल्या कवट्यांवर रचला गेला हे माहीत असलेलं बरं. इंदूरकरांना हा धागा परका नाही. निरोप्यांचं ते खातं म्हणजे सिग्नल्स, आणि सिग्नल्सचं मोठं लष्करी महाविद्यालय इथून तासाभरावर महूला आहे. कोअर ऑफ सिग्नल्सच्या ‘डेअर डेव्हिल्स’ पथकाच्या गाड्यांवरच्या कसरती आपण प्रजासत्ताक दिनाला टीव्हीवर बघतो; एरवी ते आगीच्या कड्यातूनही गाडी काढतं. ते पथक आपलं मूळ १९३५ सालापर्यंत नेतं. ते लोक कसरत करतात, शर्यत नाही. पण रॅम्पवर चढताना गाडीचा वेग कसा एकसारखा ठेवतात ते नीट बघा. शेवटच्या क्षणी कोणी रेस पिळत नाही की सोडत नाही.

युद्धानंतर खेळ युरोपभर पसरला. १९४७ मध्ये नेदरलँड्समध्ये वासेनारला देशोदेशीच्या संघांची पहिली स्पर्धा झाली, १९५२ मध्ये ५०० सीसीची युरोपीय मालिका सुरू झाली आणि १९५७ मध्ये तिला जागतिक दर्जा मिळाला. पहिला विजेता स्वीडनचा बिल निल्सन. तोवर गाड्यांना मागे चिमटा, म्हणजे चाक धरून वर-खाली हलणारा दांडा, आणि दोन बाजूंना दोन शॉकअप आले होते. पण चाक वर-खाली हलायचं ते चार इंचांच्या, म्हणजे १०० मिलिमीटरच्या आसपास. त्या गाड्यांसाठी नियम ठरला तो ‘मागचं चाक आधी टेकव’ हा. पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, बारीक असायचे. पुढच्या चाकावर उतरलं की ते वाकायचे, नाहीतर माणूस हँडलवरून पुढे जायचा. आपल्याकडे येझदी नि राजदूत उडवलेली जुनी मंडळी हाच सल्ला अजून देतात. त्यांच्या गाडीसाठी तो शंभर टक्के बरोबर होता.

खरी उलथापालथ १९७३ ची. ल्यूसिएं टिलकेन्स या बेल्जियन इंजिनिअरने दोनाऐवजी एकच लांब शॉकअप टाकीखाली आडवा बसवायची युक्ती काढली. यामाहाने ती उचलली आणि त्या गाडीवर हॉकन अँडरसनने २५० सीसीची जागतिक स्पर्धा जिंकली. मग सगळ्याच कंपन्या इरेला पेटल्या. १९८० च्या आगेमागे कावासाकीचं युनी-ट्रॅक, होंडाचं प्रो-लिंक, सुझुकीचं फुल फ्लोटर एकामागून एक आलं. त्याच होंडाने काही वर्षांनी आपल्या पिथमपुरात कायनेटिकबरोबर स्कूटर बनवायला घेतली, तेव्हा इंदुरात कोणाला प्रो-लिंकचं सोयरसुतक नव्हतं. साताठ वर्षांत चाकाची हालचाल १०० मिलिमीटरवरून ३०० मिलिमीटरपर्यंत गेली. पुढे ती तिथेच थांबली. आजची स्पर्धेची मोटोक्रॉस गाडीही साधारण ३०० मिलिमीटरचीच असते.

या आकड्यापाशी जरा थांबू, कारण सगळी मेख इथे आहे. दीड मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर पडलात, तर टेकताना खाली येण्याचा वेग ताशी १९ ते २० किलोमीटर असतो. तो वेग गाडीला शॉकअपच्या हालचालीएवढ्या अंतरात मारायचा असतो. ३०० मिलिमीटर मिळाले तर बसणारा जोर सरासरी वजनाच्या पाच-सहा पट. १०० मिलिमीटरच असतील तर पंधरा-सोळा पट, आणि शॉकअप तळाला ठोकला की त्याहून कितीतरी जास्त. उभं राहिल्याने पाय आणखी थोडं अंतर देतात, पण ते तुमच्या शरीराला. गाडीच्या रिमला आणि चौकटीला त्याचा उपयोग नाही.

आता आपल्या ढिगावरची गाडी बघा. नव्वदच्या दशकात देशभर डर्ट ट्रॅकवर आरएक्स १०० आणि शोगन धावायच्या. त्या मागे दोन शॉकअपवाल्या, म्हणजे उडीच्या हिशेबाने १९६५ च्या गाड्या. २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २०० आली. तिला पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर हालचाल आहे. रस्त्यावरच्या गाडीला हे उत्तम आहे, मी स्वतः तिचा चाहता आहे. पण उडीच्या कॅलेंडरवर ती १९७० च्या दशकाच्या मध्यात उभी आहे, आणि वजन मात्र स्पर्धेच्या गाडीपेक्षा पन्नासेक किलो जास्त. त्या गाडीवर २०२० सालची उडी मारायची तर फरक कुठून भरून निघणार?

तपासायची सोपी रीत आहे. पुढच्या फोर्कवरचं रबरी बूट वर सरकवा, चकचकीत नळीवर सीलला टेकेल अशी प्लास्टिकची केबल टाय सैलसर बांधा आणि गुडघाभर उंचवट्यावरून एकदा जा. खाली उतरून बघा, टाय किती सरकली. नळीवर मुरमाच्या धुळीचा तांबूस पट्टा असतो, त्यात तिने काढलेली स्वच्छ रेघ दिसते. गुडघाभर उंचीलाच ती नळीच्या टोकाजवळ गेली असेल, तर या गाडीची आजची उंची संपली. चौकातल्या मेकॅनिककडे फुटलेल्या सीलमधून तेल गळणारे जे फोर्क येतात, त्यातल्या किती मालकांनी ही टाय बांधली होती ते विचारा.

उडीचा दुसरा अर्धा इतिहास गाडीचा नाही, मातीचा आहे. जुन्या युरोपीय ट्रॅकवर टेकड्या असतील तशा घ्याव्या लागत. १९७१ मध्ये अमेरिकेत डेटोनाला आणि १९७२ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेडियममध्ये माती आणून टाकली, उंचवटे मुद्दाम रचले आणि सुपरक्रॉस उभं राहिलं. लॉस एंजेलिसला जिंकलेला मार्टी ट्राइप्स सोळा वर्षांचा होता. माती रचता येते म्हटल्यावर उतरायची जागाही रचता येऊ लागली. दोन उंचवटे समोरासमोर ठेवले आणि दुसऱ्याच्या उतारावर उतरलं की जमीन तुमच्याच दिशेने खाली जात असते, धक्का जवळजवळ नाहीसा होतो. ‘मागचं चाक आधी’ इथे मागे पडलं. उताराला समांतर होऊन दोन्ही चाकं बरोबर टेकवा, हा नवा नियम झाला. सपाटीवर उतरायची पाळी आलीच, तर जुना नियम थोडाफार अजून चालतो.

यात एक गोम आहे. दोन उंचवट्यांमधला खड्डा मोकळा असेल आणि तुम्ही कमी पडलात, तर पुढचं चाक दुसऱ्या उंचवट्याच्या धारेवर आपटतं. यातून होणाऱ्या दुखापती वाईट असतात. म्हणून शिकणाऱ्यांसाठी मधली जागा भरून काढतात, त्याला टेबलटॉप म्हणतात. ओट्यासारखं सपाट माथं, पलीकडे उतार. कमी पडलात तर माथ्यावर उतराल, थोडा ठोका बसेल, बस्स. टेबलटॉप नसेल तिथे नवशिक्याने उडी शिकू नये, असं माझं सरळ मत आहे.

हवेतले नियमही याच काळात पक्के झाले. चाकं जमिनीवरून सुटली की गाडी कुठे पडणार ते ठरून गेलेलं असतं, हातात उरतं ते फक्त तिचं तोंड. रेस दिली की मागचं चाक जोरात फिरतं आणि तोंड वर येतं. मागचा ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि तोंड खाली जातं. ब्रेक दाबताना क्लच धरायचा, नाहीतर इंजिन हवेतच बंद पडतं. मोबाइलवर बघून पोरं हे आधी शिकतात आणि घात इथेच होतो. हे हवेतल्या डागडुजीसाठी आहे. तोंड खाली का गेलं याचं कारण बहुतेक वेळा चढावर असतं. माथ्याच्या जरा आधी घाबरून रेस सोडली की पुढचे फोर्क दबतात आणि मागचा शॉकअप उसळून तुम्हाला पुढे फेकतो. चढाच्या पायथ्याशी ठरवलेला वेग माथ्यापर्यंत तसाच ठेवायचा. जमत नाही असं वाटलं, तर पायथ्याच्या आधीच मंद होऊन वरून गाडी चालवत न्यायची. मध्येच बेत बदलायचा नाही. सीटवर बसून शॉकअप दाबत उसळी घेणं किंवा अमेरिकेच्या जेम्स स्ट्यूअर्टने २००० नंतर गाजवलेला, गाडी माथ्यावर आडवी लोळवून उडीची उंची कमी ठेवायचा ‘स्क्रब’, हे शर्यतीत सेकंद वाचवायचे उद्योग आहेत. सुरक्षेशी त्यांचा संबंध नाही.

जास्त हालचाल आली म्हणून माणसं अभंग झाली असंही नाही. १९९५ मध्ये मेरीलँडच्या बड्स क्रीक ट्रॅकवर उतारावरच्या एका प्रचंड उडीनंतर अमेरिकेचा स्वार डग हेन्री जोरात आदळला आणि त्याचा मणका मोडला. गाडी त्या काळातली सर्वोत्तम होती. तो परत आला, १९९८ मध्ये यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर अमेरिकेची २५० सीसी राष्ट्रीय स्पर्धाही जिंकला, ही त्याची जिद्द. पण सपाटीवर उंचावरून येणाऱ्याला ३०० मिलिमीटरही पुरत नाहीत, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. मानेचा पट्टा आला तो २००० च्या दशकात, दक्षिण आफ्रिकेतल्या ख्रिस लिएट या डॉक्टरमुळे.

आपल्या देशात हा खेळ दीर्घकाळ मैदानावर माती टाकून, हौशी लोकांच्या खिशावर चालला. त्यातूनच सी. एस. संतोष वर आला आणि २०१५ मध्ये डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात झाली. इंदूरच्या मराठी घराला पुण्यात एक तरी मावशी असतेच, त्यामुळे असा ट्रॅक एकदा जवळून बघणं अवघड नाही. मात्र उडणाऱ्याकडे कमी आणि उताराच्या लांबीकडे जास्त बघा. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, पण तो कंपन्यांच्या गाड्या तपासायला. आपल्याला मुरूमच.

आणि तोही बघून घ्यावा लागतो. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात चाकाला चिकटून मडगार्ड भरून टाकते. दोन्ही वेळा चढावर चाक धरेलच याचा भरवसा नाही. मुरूम बरा, पण ट्रकने काल ओतलेला नाही. एक-दोन पाऊस खाऊन बसलेला हवा. ढिगावर आधी पायी चढायचं, पलीकडे उतरून बघायचं. सळया, तुटलेला पाइप, शेजारच्या साइटचा सिमेंटचा ठोकळा यांतलं काहीतरी बहुधा सापडतंच. शर्यतीत आंधळ्या उडीच्या पलीकडे पिवळा झेंडा घेऊन माणूस उभा असतो आणि तो हलताना दिसला की उडी मारायची नसते, गाडी चालवत न्यायची असते. आपल्याकडे ते काम एका मित्राने करायचं. हातात पिवळा टॉवेल घेऊन, उताराच्या बाजूला, पण गाडीच्या रेषेत नाही, आणि रील काढण्यासाठी मोबाइल दुसऱ्या कोणाच्या तरी हातात.