पडद्याला फुगवटा दिसला म्हणजे ऑपरेशनच?

"डोळ्याच्या पडद्याला फुगवटा आला म्हणजे पडदा सुटलाच, लगेच ऑपरेशन करा, नाहीतर नजर जाईल," असा मेसेज बरीच वर्षं फिरतो आहे. भीती समजण्यासारखी आहे. पडदा खरंच सुटला तर उशीर महागात पडतो. पण प्रत्येक फुगवटा तसा नसतो.

कधी हा फुगवटा रेटिनोस्किसिस नावाच्या विकाराचा असतो; त्यात पडदा जागेवरून सुटत नाही. त्याचेच पदर विलग होतात, प्लायवूडचे थर सुटावेत तसे. हे बहुधा उतारवयात होतं, अनेकदा दोन्ही डोळ्यांत, खालच्या-बाहेरच्या बाजूला. सहसा त्रास नसतो, अधूनमधून तपासणी पुरते. पदरांना छिद्रं पडून पडदा खरोखर सुटू लागला, तरच ऑपरेशनचा विषय येतो.

फरक तपासता येतो. बाहुली मोठी करून पाहिलं की हा फुगवटा गुळगुळीत दिसतो, डोळा फिरवला तरी हलत नाही. नुकताच सुटलेला पडदा मात्र सुरकुतलेला असतो, लहरतो. शंका उरलीच तर ओसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे पडद्याचे थर प्रकाशाच्या मदतीने दाखवणाऱ्या तपासणीत, पदर दुभंगलेत की अख्खा पडदा उचललाय, ते बरेचदा स्पष्ट होतं. तेव्हा ऑपरेशनला होकार देण्याआधी हा स्कॅन समजावून मागा, रेटिनातज्ज्ञाचं (डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांचं) दुसरं मत घ्या. एकाएकी चमका, खूप काळे ठिपके किंवा नजरेवर सावली आली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.